तिरंग्यात कोणता धर्म कुठे?

दर १५ ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फॉरवर्ड येतो: केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा उरलेल्यांचा. शाळेच्या भाषणांतही हे वाक्य हमखास असतं.

हे खोटं आहे, पण हवेतून आलेलं नाही. १९२१ मध्ये आंध्रातले स्वातंत्र्यसैनिक पिंगळी वेंकय्यांनी बेझवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) गांधीजींना लाल-हिरव्या झेंड्याचा आराखडा दाखवला, तेव्हा खरोखरच लाल म्हणजे हिंदू आणि हिरवा म्हणजे मुसलमान असा अर्थ होता. इतर धर्मीयांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला सांगितला. त्या झेंड्यात पांढरा सगळ्यात वर, लाल खाली आणि तिन्ही पट्ट्यांवर चरखा होता. आजच्या तिरंग्याशेजारी ठेवला तर पटकन ओळखूही येणार नाही.

या धार्मिक वाटणीवर आक्षेप आले, आणि १९३१ मध्ये काँग्रेसने ती मोडीत काढली. लालच्या जागी केशरी आला, तोही सगळ्यात वर. रंगांना धार्मिक अर्थ नाही, असं ठरावातच नमूद झालं: केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनीही हेच बजावलं. चरखा जाऊन अशोकचक्र आलं ते तेव्हाच. राधाकृष्णन यांनी तिथे हिरव्याचा संबंध जोडला तो मातीशी, झाडापानांशी.

थोडक्यात, फॉरवर्डवाले अर्थ सांगतात १९२१ च्या झेंड्याचा आणि फोटो लावतात १९४७ चा.