लय दुखायलंय म्हणजे नेमकं कसं दुखायलंय?

"पेपर भयंकर सोपा होता" हे वाक्य लातूरला क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर कधीही ऐकायला मिळतं आणि त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटत नाही. सोप्या पेपरात भय कुठून आलं? तर कुठूनच नाही, भयंकर म्हणजे आता नुसतं 'खूप'. इंग्रजीवाल्यांनी तर यात पार कहर केलाय. दुखणं, भीती, यातना यातनं निघालेली त्यांची क्रियाविशेषणं, तीच शाळेत शेवटी 'ली' लावून पाठ केलेली, ती एकेक करून मूळ अर्थ सोडून द्यायलीत. टेरिबली सॉरी, ऑफुली नाइस, पेनफुली स्लो. स्लो नेटनं कुणाचं काय दुखतं सांगा बरं.

एक्स्क्रुशिएटिंगली हा शब्द तर बघाच. त्याच्या पोटात लॅटिनमधला क्रुक्स आहे, क्रुक्स म्हणजे क्रूस, रोमन लोक माणसाला ज्याच्यावर खिळून मारायचे तो. आता एखादं भाषण लांबलं तरी लोक ते एक्स्क्रुशिएटिंगली बोरिंग होतं म्हणून मोकळे होतात. पण सगळ्यात भारी गोष्ट जर्मनची आहे. इंग्रजीत सोअर म्हणजे दुखरं, सोअरली हे त्याचंच क्रियाविशेषण, आणि याच शब्दाचा जर्मन भाऊ म्हणजे झेर. जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'वेदनेनं' असा होता, आज जर्मन माणूस 'झेर गुट' म्हणतो तेव्हा त्याला फक्त 'खूप छान' एवढंच म्हणायचं असतं. वेदना पार गायब, फक्त 'उनफरझेर्ट' म्हणजे इजा न झालेला, अशा एखाद्या शब्दात ती अजून लपून बसलीय.

भाषाशास्त्रात याला अर्थ फिका पडणं म्हणतात. कामून होतं असं? झुओ जिंग-श्मिट या अभ्यासक बाईंनी 2007 मध्ये यावर लिहिलंय आणि मला ते पटतं. आपला मेंदू चांगल्या गोष्टीपेक्षा धोक्याच्या गोष्टीकडं आधी वळतो, फूल नाही दिसलं तर चालतं, साप नाही दिसला तर खेळ खलास. मग समोरच्यानं आपल्याकडं लक्ष द्यावं म्हणून बोलणारा भीतीचा, किळसेचा, रागाचा शब्द उचलतो आणि कशालाही चिकटवतो. चार वर्षं सगळ्यांनी वापरला की त्यातला दम जातो, मग नवीन शोधायचा. आपल्याकडं भयंकर झालं, बेक्कार झालं, सध्या खतरनाक चालू आहे.

गप्पांमध्ये याचं काही बिघडत नाही. दवाखान्यात बिघडतं. ओपीडीत माणूस "डॉक्टर, लय दुखायलंय" म्हणतो, त्याच्या मागचाही तेच म्हणतो, आणि डॉक्टरला त्यातनं काही म्हणता काही कळत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी या गोष्टीवर बरीच मेहनत घेतली, 1971 मध्ये वॉरन टॉर्गरसन यांच्यासोबत दुखण्याचे 102 इंग्रजी शब्द गोळा करून त्यांचे गट पाडले आणि 1975 मध्ये त्यातनं 78 शब्दांची, 20 गटांची प्रश्नावली काढली, ती आजही वापरात आहे. त्यात किती दुखतं हे आहेच, पण खरा भर कसं दुखतं यावर.

आणि 'कसं' सांगायला मराठी एकदम श्रीमंत आहे राव. ठणकतं, ठसठसतं, चुरचुरतं, कळ येते, चमक निघते, भगभगतं, मुंग्या येतात. हे शब्द उगीच नाहीत, त्यांच्या मागं शरीरातली वायरिंग आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी सणकन कळ जाते, ती ए-डेल्टा नावाच्या मज्जातंतूंमधून, सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगानं. सी जातीचे तंतू मात्र निवांत, सेकंदाला 2 मीटरच्या आतच, म्हणून ठणका मागाहून पोचतो आणि मुक्काम ठोकतो. ठेचा खाल्ल्यावर "तोंडाची आग व्हायली" म्हणतो ना, तेही अगदी बरोबर आहे, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन (तिखटपणा आणणारा पदार्थ) ज्या टीआरपीव्ही-1 रिसेप्टरला, म्हणजे मज्जातंतूवरच्या एका दारालाच म्हणा, उघडतं तोच 43 अंशांच्या आसपासच्या उष्णतेनंही उघडतो, मेंदूला दोन्हीकडून एकच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं तो 1997 मध्ये शोधला, 2021 चं नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळालं.

त्यामुळं शुगरचा पेशंट पायाची आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं असं सांगतो तेव्हा डॉक्टरला खुद्द नसेवरच, म्हणजे मज्जातंतूवरच, शंका येते. डीएन-4 नावाच्या छोट्या तपासणीत हेच विचारतात, 10 पैकी 4 मुद्दे जुळले तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला नेहमीच्या पेनकिलरचा फारसा फरक पडत नाही, औषधं वेगळी असतात. पाठीतून जांघेकडं जाणारी, येऊन-जाऊन असणारी कळ म्हणली की मुतखडा आधी आठवतो.

छातीचं तर अजून वेगळं. तिथं बऱ्याचदा पेशंट दुखतंय असंही म्हणत नाही, 'लय' तर लांबच. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय, दाबून धरल्यासारखं व्हायलंय, एवढंच बोलतो, आणि हे ऐकल्यावर डॉक्टर पुढचं काही विचारायच्या आधी ईसीजी काढायला लावतात.