पार्श्वभूमी : मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारे वायू

पक्षाघाताचा रुग्ण वेळेत पोहोचला, तर पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आता सीटी परफ्यूजन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारी सीटी तपासणी, करतात. आयोडीनचा डाय शिरेतून सोडला की थोड्याच वेळात मेंदूचा रंगीत नकाशा पडद्यावर येतो. मेंदूचा कुठला भाग गेला आणि कुठला अजून वाचेल, ही विभागणी मात्र रक्तप्रवाह वायूंनी मोजत त्या काळातली आहे.

१९४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगवून धमनीतले आणि मानेतल्या मोठ्या शिरेतले रक्त तपासत. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त, हा आकडा तिथला. पण ती अख्ख्या मेंदूची सरासरी. भागाभागाचा हिशेब १९६० च्या दशकात किरणोत्सारी क्रिप्टॉन आणि झेनॉनमुळे जमू लागला. पुढच्या दशकात बबून माकडांवर हायड्रोजन वापरून दिसले, की प्रवाह २० च्या खाली गेला की मेंदूची विद्युत क्रिया थांबत जाते, १० च्या आसपास पेशी मरू लागतात. मधला टप्पा म्हणजे पेनम्ब्रा, काम थांबलेला पण अजून वाचू शकणारा भाग. रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्याचे आजचे उपचार त्यासाठीच चालतात.

मग साधा, किरणोत्सार नसलेला झेनॉन आला. त्याचा अणुक्रमांक ५४, आयोडीनचा ५३. म्हणून क्ष-किरण तोही अडवतो आणि सीटीवर दिसतो. डाय रक्तवाहिनीतच राहतो, झेनॉन थेट मेंदूत झिरपतो. त्यामुळे मिलिलिटरमधला आकडा खात्रीचा मिळे. फुफ्फुसांवाटे तो लवकर निघून जाई, तपासणी थोड्या वेळाने पुन्हा करता येई, आणि डायमुळे मूत्रपिंडावर पडतो तसा भार शून्य.

या शतकाच्या सुरुवातीला रीतसर मंजुरीअभावी अमेरिकेत तो नेहमीच्या वापरातून गेला, संशोधनापुरता उरला. जपानमध्ये चालू राहिला. आक्षेप खोटे नव्हते: सुमारे ३० टक्के झेनॉनने गुंगी येते, काहींचा श्वास क्षणभर थांबतो आणि झेनॉन स्वतःच रक्तप्रवाह वाढवतो. शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर, कारण मोजायला आणलेली वस्तूच मोजमाप बदलते. पण ही वाढ जरा उशिराने होते आणि गणिताचा भर पहिल्या मिनिटांवर असतो, हेही तेव्हा दाखवले गेले होते. मधुमेहाने मूत्रपिंड थकलेल्या रुग्णांचा विचार केला, तर ही पद्धत सोडून देण्याची घाई झाली असेच वाटते.

डायवरून काढलेला प्रवाहाचा आकडा सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो. म्हणूनच आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये मिलिलिटरपेक्षा दोन्ही बाजूंची तुलना आणि रक्त पोहोचायला होणारा, सेकंदांत मोजलेला उशीर यांवर जास्त भर असतो.