शालेय बँडमधून संगीतशिक्षण

शालेय बँडमध्ये बसवल्या जाणाऱ्या रचनांमधूनच मुलांना स्वर, लय आणि रचनेची घडण शिकवण्याची पद्धत. वादनाचा सराव वेगळा आणि संगीताचा तास वेगळा, ही विभागणी तिला मान्य नाही. या विचाराला १९६५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील चर्चासत्रात आकार आला. १९७७ पासून विस्कॉन्सिनमधील शिक्षकांनी तो शालेय वाद्यवृंदांत रुजवला. रचनेतून काय शिकवायचे हे तेथे शिक्षक तालमीआधीच ठरवतो.

मुंबईतील शाळांत बँड म्हणजे बहुधा साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा, बासऱ्या आणि असलाच तर बिगुल. मैदान नसेल तर सराव गच्चीवर. २६ जानेवारीच्या संचलनाची गत, म्हणजे वाजवायची धून, पाठ झाली की तो थांबतो, आणि मुलांच्या बोटांना गत येते, कानाला येत नाही.

वास्तविक रोज कानी पडणाऱ्या राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत भरपूर ऐवज आहे. सुरुवात सा रे ग अशी होते आणि चाल बराच वेळ गंधारावरच (ग) रेंगाळते. पहिल्या ओळीतले ‘जय हे’ रे-ग-म या स्वरांवर येते. अगदी शेवटचे ‘जय हे’ही त्याच स्वरांवर. म्हणजे गीत षड्जावर (सा) न संपता मध्यमावर (म) थांबते. हे मुलांना सांगून टाकू नये, बासरीवर शोधू द्यावे.

बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण आणि फुंक यांवर त्यातून सा, ग, प हेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत निघतात, कारण नळीतली हवा आपल्या नैसर्गिक स्वरांवरच घुमते. त्यातला गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधाराच्या, म्हणजे तार त्या स्वरात न लावताही आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराच्या जातीचा, पेटीच्या गंधाराहून किंचित उतरलेला. दोन्ही लागोपाठ ऐकवले तर श्रुतीवर, म्हणजे स्वरांतल्या सूक्ष्म अंतरावर, वेगळे व्याख्यान लागत नाही.

स्वरलिपी, म्हणजे कागदावर लिहिलेले संगीत, वाचण्याची बाजू मात्र लंगडी आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे वादक स्वरलिपी वाचण्या-लिहिण्याच्या बळावर मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभे राहिले. गोव्यात चर्चच्या शाळांतून ते शिक्षण मिळत असे. शालेय बँडमध्ये गत बहुतेकदा ऐकूनच उचलली जाते. मराठी शाळांत सा रे ग म या अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या भातखंडे स्वरलिपीने सुरुवात करणे सोयीचे. सरगम मुलांच्या तोंडी असतेच. २०२३ मध्ये राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ (कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे) त्यासाठी चांगले, कारण चाल आधीच पाठ असल्याने कागदावरची चूक मुले स्वतःच पकडतात.