मेलॅनोटान आमच्याकडे का मिळत नाही

लालबागच्या आमच्या औषधांच्या दुकानात हल्ली बरेच जण मोबाइल पुढे करून विचारतात, "रंग चढवणारं हे इंजेक्शन आहे का?" त्यांना हवं असतं ते मेलॅनोटान. विचारणारे बहुतेक कोड असलेल्यांच्या घरचे. (गोरं व्हायचं क्रीम मागणारे याच्या कितीतरी पट, पण ते पुन्हा कधीतरी.)

ऊन लागलं की कातडीतल्या पेशी अल्फा-एमएसएच नावाचं हार्मोन सोडतात. 13 अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी रंगपेशीला चिकटली की तिथे मेलॅनिन बनू लागतं. गिरणगावच्या भाषेत सांगायचं तर हा भोंगा. शरीर हे हार्मोन लवकर मोडून टाकतं, म्हणून भोंगा थोडाच वेळ वाजतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात 1980 च्या सुमारास साखळीतल्या चौथ्या आणि सातव्या, अशा दोनच जागा बदलल्या. बदललेली ही साखळी सहज मोडत नाही. भोंगा वाजत राहतो, उन्हात न जाताही रंग चढतो.

हेच अफामेलॅनोटाइड, म्हणजे मेलॅनोटान-1. युरोपात 2014 साली आणि अमेरिकेत 2019 साली त्याला मान्यता मिळाली ती ईपीपी या दुर्मीळ आजारासाठी. त्यात नुसत्या उन्हाने अंगाची आग आग होते. 16 मिलिग्रॅम औषधाची पावणेदोन सेंटिमीटरची बारीक कांडी डॉक्टर कातडीखाली बसवतात.

मोबाइलवर विकतात ते मात्र बहुतेक वेळा मेलॅनोटान-2, त्याच हार्मोनची दुसरी नक्कल. त्याला औषध म्हणून मान्यता नाही. एक ताई मागवलेली कुपी घेऊन आल्या होत्या: तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, लेबलावर ना परवाना क्रमांक, ना एक्स्पायरी. याने मळमळतं, चेहरा लाल होतो, जुने तीळ काळे पडतात, नवे उठतात. मग त्यातला कॅन्सरचा तीळ कुठला, हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही.

आणि कोडाच्या डागात रंगपेशीच उरलेल्या नसतात. कामगारच नाहीत तर भोंगा वाजवून माग कसा चालेल? आजूबाजूची कातडी काळवंडते, डाग उलट जास्त उठून दिसतो. केसांच्या मुळाशी थोड्या रंगपेशी शिल्लक असतील तर नॅरोबँड यूव्हीबी या ठरावीक अतिनील किरणांनी त्या वर सरकू शकतात. त्याला अफामेलॅनोटाइडची जोड देऊनही चाचण्या झाल्या आहेत. डागावरचे केस पांढरे झाले असतील तर मात्र आशा कमी.

कोडाच्या उपचारासाठी केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. घरात कुणी आधीच टोचून घेतलं असेल तर रागावू नका, कुपी तेवढी सोबत न्या.