‘ताशी 150 उल्का’ या आकड्यामागचा हिशेब

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की बातमी ठरलेली: मिथुन राशीतून ताशी 150 उल्का पडणार. लोक गच्चीवर जातात, अर्ध्या तासात चार-पाच दिसतात आणि बातमीला नावे ठेवून झोपायला जातात. आकडा खोटा नसतो, अर्धा सांगितलेला असतो. उद्गमबिंदू, म्हणजे आकाशातल्या ज्या बिंदूतून उल्का फुटल्यासारख्या वाटतात तो, बरोबर डोक्यावर आहे आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) असे धरून तो आकडा काढलेला असतो. इथपर्यंत यायला दोनशे वर्षे लागली, आणि त्यातला बराच भाग घराच्या अंगणात बसून मोजणाऱ्यांनी उभा केला.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उल्का ही ढग-विजेच्या खात्यातली गोष्ट मानली जाई. 1794 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनीने अशनी, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडणारे दगड, अवकाशातून येतात असे मांडले, पण पुरावा तोकडा होता. 1798 मध्ये ब्रँडेस आणि बेन्झेनबर्ग या जर्मनीतल्या गटिंगेनच्या दोन विद्यार्थ्यांनी साधी युक्ती केली. काही किलोमीटर अंतरावर दोन जागी बसायचे आणि प्रत्येक उल्केची वेळ व ताऱ्यांमधला मार्ग टिपायचा. दोघांनाही दिसलेली उल्का दोन ठिकाणांहून थोडी वेगळ्या ताऱ्यांवर दिसते. त्या फरकावरून उंची निघते. अशा जोड्या जेमतेम 22 मिळाल्या. पण उंची शंभर किलोमीटरच्या घरात निघाली, म्हणजे ढगांच्या कितीतरी वर.

मग 12-13 नोव्हेंबर 1833 ची रात्र आली. उत्तर अमेरिकेवर सिंह राशीतून उल्कांचे वादळ कोसळले. येल विद्यापीठाच्या डेनिसन ओल्मस्टेडने वर्तमानपत्रातून लोकांकडे आपापली निरीक्षणे मागवली. त्यातून दिसले की सगळ्या रेषा सिंह राशीतल्या विळ्यासारख्या ताऱ्यांच्या आकृतीकडे मागे जातात आणि तो बिंदू ताऱ्यांबरोबरच पश्चिमेकडे सरकतो. तेव्हा उगम वातावरणाबाहेरचा, आणि समांतर येणाऱ्या कणांच्या रेषा एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात, इतकेच. ययाती तारकासमूहातून येणारा ऑगस्टचा वर्षाव दरवर्षी येतो हे 1836-37 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये केटले आणि न्यू हेवनमध्ये पुस्तकविक्रेता एडवर्ड हेरिक यांनी दाखवले. 1866 मध्ये स्कियापारेल्लीने त्याची कक्षा स्विफ्ट-टटल धूमकेतूशी जुळवली. मिथुन वर्षावाचा उगम सापडायला मात्र 1983 पर्यंत वाट पाहावी लागली, आणि सापडला तो धूमकेतू नव्हे, फेथॉन नावाचा लघुग्रह.

मोजणीच्या शिस्तीबद्दल सगळ्यात जास्त शिकवले ते ब्रिस्टलच्या विल्यम डेनिंगच्या चुकीने. व्यवसायाने हिशेबनीस असलेल्या या माणसाइतके चिकाटीने आकाश पाहणारे थोडेच झाले. 1899 च्या त्याच्या यादीत चार हजारांहून अधिक उद्गमबिंदू आहेत. त्यातले काही महिनोन्‌महिने एकाच जागी ‘स्थिर’ राहतात असा त्याचा दावा होता. पृथ्वी कक्षेत पुढे जात असताना हे जमणारच नाही. घोटाळा पद्धतीत होता: वेगवेगळ्या रात्रींच्या, कधीकधी वेगवेगळ्या वर्षांच्या उल्का एकाच नकाशावर काढल्या की रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. 1911 मध्ये अमेरिकन मीटिअर सोसायटी काढणाऱ्या चार्ल्स ऑलिव्हियरने म्हणूनच दंडक घातला की उद्गमबिंदू मानायचा तर एकाच रात्रीच्या किमान चार उल्का हव्यात. आजही एखादी उल्का वर्षावाची म्हणून लिहिताना तिचा मार्ग मागे वाढवून पाहतात, शिवाय वेगही जुळावा लागतो. मिथुन वर्षावाच्या उल्का सेकंदाला 35 किलोमीटरने येतात, सिंहाच्या 71 ने. न जुळणाऱ्या भटक्या उल्कांचा रकाना वेगळा.

1946 मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक या ठिकाणी भौतिकशास्त्रज्ञ लव्हेलने लष्कराच्या जुन्या रडारवर उल्कांचे प्रतिध्वनी पकडले. ते खरोखर उल्कांचेच, हे ताडून पाहायला शेजारी उघड्या डोळ्यांनी नोंद करणारा प्रेंटिस होता, पेशाने वकील.

1988 मध्ये आंतरराष्ट्रीय उल्का संघटना स्थापन झाल्यावर जगभरच्या नोंदी एका नमुन्यात येऊ लागल्या. सूत्र असे: दिसलेल्या उल्का भागिले प्रत्यक्ष पाहिलेले तास, गुणिले ढगांची दुरुस्ती, गुणिले आकाशाच्या काळोखाची दुरुस्ती, भागिले उद्गमबिंदूच्या क्षितिजापासूनच्या उंचीची ज्या (साइन). मिथुन वर्षावात दिसणाऱ्या प्रतीची मर्यादा एकाने वाढली की उल्का सुमारे 2.6 पट होतात. समजा साडेपाचव्या प्रतीपर्यंत तारे दिसतात, आकाश निरभ्र आहे, उद्गमबिंदू 60 अंशांवर आहे आणि तासात 40 उल्का मोजल्या. 40 × 2.6 ÷ 0.866, म्हणजे 120. शहरात चौथ्या प्रतीवर थांबलात तर गुणक जवळजवळ 11 होतो. मग एक उल्का चुकून जास्त धरली तरी दर अकराने फुगतो. शहरातल्या नोंदींना फारसे वजन देत नाहीत ते यामुळे.

महाराष्ट्रातून मिथुनचा उद्गमबिंदू रात्री 9 ला 20 अंशांच्याही खाली असतो, साडेबाराच्या सुमारास 60 अंशांवर येतो आणि सव्वादोनच्या आसपास 75 अंशांच्या वर जातो. जेवण उरकून नऊला वर जाणाऱ्यांची निराशा तिथेच ठरते. ययाती वर्षावाचा तर आपल्याकडे प्रश्नच नाही, ऑगस्टात आकाश दिसते कुठे?

मोजायला बसायचे तर डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या, मोबाइल खिशात ठेवा. आरामखुर्चीत पडून क्षितिजापासून 50-60 अंश वर, उद्गमबिंदूपासून 40 अंश बाजूला पाहा. उद्गमबिंदूकडेच टक लावली तर मार्ग आखूड दिसतात आणि उल्का निसटतात. वेळ, प्रत आणि वर्षाव तोंडाने बोलून ध्वनिमुद्रित करा, कारण कागदाकडे मान वळली की तेवढी सेकंदे गेली. प्रत शेजारच्या ताऱ्याशी ताडून लगेच सांगा. दर तासाला ठरावीक ताऱ्यांच्या त्रिकोणातले तारे मोजून काळोख तपासा. दव पुसायला उठलात, चहा घेतलात किंवा डुलकी लागली, तर ती मिनिटे तासातून वजा. वजा न केलेली दहा मिनिटे दर सहाव्या हिश्शाने खाली ओढतात आणि मागाहून ती चूक कुणालाच सापडत नाही.