कूलरचा तळ आणि गाडीचं चाक

होळी झाली की आमच्या लातुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात. यंदा आमचा कूलर उचलला तर टाकी वर आली आणि तळाचा पत्रा जमिनीवरच राहिला. वर पांढरे पापुद्रे, खाली तांबूस भुगा. बोअरच्या पाण्यावर काढलेला हा त्याचा चौथा उन्हाळा होता.

हिशेब केला तर यात नवल काही नाही. पाण्याचा टीडीएस 1000 धरू, म्हणजे लिटरमागं एक ग्रॅम क्षार. आमच्या भागातल्या बोअरला हा आकडा जगावेगळा नाही. कूलर दिवसाला 50 लिटर पाणी उडवत असेल तर साठ दिवसांत 3000 लिटर होतं. पाण्याची वाफ होऊन गेली, पण क्षाराला वाफ होता येत नाही. एका उन्हाळ्यात तीन किलो क्षार गवताच्या जाळ्यांवर आणि टाकीच्या तळाशी बसले. हे पाण्यातलं दुखणं मी कूलरपुरतंच समजत होतो, गाडीशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता.

तो लावून दिला अमेरिकेत, मिनेसोटात राहणाऱ्या भाच्यानं. त्याच आठवड्यात त्यानं आपल्या जुन्या गाडीचा फोटो पाठवला. दाराखालची पट्टी गंजून चाळण झालेली, मागच्या चाकावरच्या कमानीला रंगाचे फोड. खाली लिहिलं होतं, "मामा, इथं रस्त्यावर मीठ टाकतात. तुमच्याकडं बरंय."

मीठ टाकण्यामागचं कारण साधं आहे. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं, पण मीठ मिसळलं की गोठणबिंदू खाली घसरतो. वजनानं 23.3 टक्के मीठ असलेलं पाणी थेट उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे दहाच्या आसपासच साध्या मिठाचा जोर ओसरतो, मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. या मिठानं बर्फाचा खारट चिखल होतो आणि चाकं तो गाडीच्या पोटाला फासत जातात. पुढं चिखलातलं पाणी निघून जातं आणि मीठ सांदीकोपऱ्यात राहतं.

आता त्याचं ते "बरंय" किती खरं, ते पाहू.

मीठ लोखंड खातं असं आपण म्हणतो, पण खाणारे दोघं वेगळेच आहेत, पाणी आणि ऑक्सिजन. शाळेत तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवायचा प्रयोग आठवत असेल: कोरड्या हवेतला खिळा तसाच राहिला, उकळून वर तेल घातलेल्या पाण्यातलाही तसाच राहिला, गंजला तो दोन्ही मिळालेला. मीठ या दोघांचं काम सोपं करतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात हे एका थेंबात दाखवून दिलं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मधोमध कमी पोचते. मग मधलं लोखंड विरघळायला लागतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्टीतूनच कडेकडं जातात आणि तिथं पाणी व ऑक्सिजन त्यांना उचलून घेतात. थोडक्यात, थेंबाएवढी बॅटरी तयार होते. तिचं सर्किट पुरं व्हायला पाण्यातून आयन फिरावे लागतात, आणि ते मीठ पुरवतं. शिवाय मिठातला क्लोराइड धातूवरचं संरक्षक पटल जागोजाग फोडतो. गंजाचं तांबडं कडं मध्य आणि कड यांच्या दरम्यान उमटतं, पण खड्डा पडतो मधोमध, जिथं हवा सर्वांत कमी तिथं. ही गोष्ट लक्षात ठेवा, चिखलाच्या वेळी लागणार आहे.

मीठ कोरडं असेल तर हे काहीच घडत नाही. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून पाझरू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात. समुद्राच्या मिठात ते थोडं असतंच, म्हणून पावसाळ्यात बरणीतलं खडे मीठ पाण्यावर येतं. आमच्याकडं मे महिन्यात दुपारची आर्द्रता बऱ्याचदा 30 टक्क्यांच्या खाली असते, तेव्हा पत्र्यावरचं मीठ नुसतं झोपून असतं. मराठवाड्यातली दहा वर्षं वापरलेली गाडी आणि मुंबईची तितकीच जुनी गाडी शेजारी लावा. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा मुंबई पासिंग दिसलं की आधी गाडीखाली वाकतो, ते उगाच नाही.

पण मृग लागला की झोपलेलं मीठ जागं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जायचं, पोरांच्या हट्टापायी गाडी थेट ओल्या वाळूत घालायची, फोटो काढायचे आणि परत यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते घेऊन गाडी घाट चढते, घरी येते, वरून धुतली जाते. पोटाखालचं मीठ जूनपर्यंत तसंच असतं. डिक्कीतून युरिया-पोटॅशची पोती आणणाऱ्यांनीही सांडलेलं खत तिथंच ठेवू नये. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच चुलतभाऊ.

समुद्रावरून आल्यावर नंतर कधीतरी फोम, पॉलिश करण्यापेक्षा दोन दिवसांत गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याचा फवारा मारून घेणं शंभरपट मोलाचं आहे. भाच्याकडची एक गोष्ट इथंही लागू पडते. मिठानं माखलेली गाडी तिथं उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर बाहेरच्या थंडीपेक्षा जास्त गंजते, कारण बर्फ वितळून पाणी होतं आणि उबेत रासायनिक क्रिया वेग घेते. आमच्याकडं ओली गाडी कव्हरखाली झाकून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

रंगाचं काम पाणी आणि हवा पत्र्यापर्यंत पोचू न देणं. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पेंट शॉपला कुणी ओळखीचं असेल तर ते सीईडी कोटिंगबद्दल सांगतील. यात गाडीचा सांगाडाच टाकीत बुडवून विजेच्या जोरावर सांदीकोपऱ्यात साधारण 20 मायक्रॉनचा थर बसवतात. त्यावर प्रायमर, रंग, क्लिअर कोट. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांइतकी जाडी. हायवेवर ट्रकच्या चाकाखालचा एक खडा एवढा थर सहज उडवतो.

तिथून पुढं काय होणार, ते खाली कोणता धातू आहे यावर ठरतं. यासाठी घरातल्याच दोन वस्तू बघा. तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा आणि शेडचा जस्ती पत्रा. दोन्ही आतून लोखंडच, डब्यावर कथलाचा मुलामा, पत्र्यावर जस्ताचा. डब्याला ओरखडा पडला की तो आठ दिवसांत तांबडा होतो. जस्ती पत्रा कापून काढा, कापलेली कड उघडी पडली तरी बराच काळ तग धरते. कथील लोखंडापेक्षा सुस्त आहे. दोघं ओले झाले की ते लोखंडालाच पुढं ढकलतं, आणि चरा पडलेल्या जागी लोखंड नुसतं उघडं असतं त्याहून वेगानं झिजतं. जस्त लोखंडापेक्षा उतावळं, ते आधी स्वतः विरघळतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. बऱ्याच नव्या गाड्यांत पत्र्याच्या काही भागांना जस्त दिलेलं असतं, ते याचसाठी.

ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये ब्रिटिश आरमारासाठी काढली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत, खाऱ्या पाण्यात ते झिजत. त्यानं त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले, तांब्याची झीज थांबली. पण झिजणारं तांबं विषारी असल्यामुळंच शिंपले तळाला चिकटत नव्हते. आता ते चिकटायला लागले आणि जहाजं मंदावली. शास्त्र बरोबर होतं, तरी आरमारानं नाद सोडला.

जस्तही कधीतरी संपतं. आमच्या कूलरचं संपलं होतं. म्हणून खड्याचा टवका दिसला की दिवाळीपर्यंत थांबू नका. पॉलिश पेपरनं हलकं घासा, प्रायमर, टच-अप, वर क्लिअर. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळं तो रंगाच्या खाली पसरत जाऊन रंग उचलतो. फोड फुटायच्या आधी डेंटरकडं गेलं तर काम थोडक्यात भागतं, नंतर पुट्टी भरून नुसतं झाकणं उरतं.

आता चिखल. आमच्या काळ्या मातीची ख्याती सांगायला नको. ती चाकाच्या कमानीत आतून थापली जाते, वरून वाळते, आतून पाच-सहा दिवस ओली राहते. अशा गंजाला इंजिनिअर लोक जो शब्द वापरतात तो मराठीत कधीचाच आलेला आहे: पोटीस. गळवावर ओलं-गरम पोटीस बांधायचं, तसंच हे गाडीला बांधलेलं. थापेखाली हवा कमी, भोवती जास्त, म्हणजे इव्हान्सचा थेंबच, फक्त वितभर रुंद आणि आठवडाभर न सुकणारा. पावसाळ्यात बाकी गाडी न धुता राहिली तरी चालेल, कमानीतली माती मात्र हातानं काढा.

चाकांचं थोडं वेगळं आहे. लोखंडी रिम गंजते ती उघड दिसते. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, त्यावर आपोआप काही नॅनोमीटरचं ऑक्साइडचं पटल येतं आणि तेच त्याचं चिलखत. क्लोराइड ते टोचतो. लॅकरला चीर असेल तर आतून किड्याच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा सरकत जातात. पुढच्या चाकांवर काळपट धूळ जास्त बसते, कारण ब्रेकचा बहुतेक भार पुढं येतो. त्या धुळीत डिस्कचे तापलेले लोखंडी कण असतात, ते लॅकरमध्ये रुतून नारिंगी ठिपके होतात. आठवड्याला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ॲसिडचं पाणी मारून चाक क्षणात चमकवून देणाऱ्याला हात जोडावेत.

माझा स्वतःचा धडा वेगळ्या जागी होता. कोकणातून आल्यावर चार महिन्यांनी मांजरसुंब्याजवळ रात्री पंक्चर झालं. नट काढले, स्टेपनी तयार, पण चाक हलेना. पंक्चरवाल्यानं नट परत दोन-दोन आटे बसवले, गाडी हळूच चार हात पुढं-मागं करायला लावली, तेव्हा कुठं कट्कन आवाज आला. आत हबवर पांढरी भुकटी. पोलादी हब आणि ॲल्युमिनियमचं चाक, मध्ये खारट ओल. इथं जस्ताची भूमिका ॲल्युमिनियमनं केली होती, आणि त्याची भुकटी फुगून पाचरीसारखी ठोकली गेली होती. आता वर्षातून एकदा चाकांची पुढं-मागं अदलाबदल करून घेताना मी हबचा तोंडावळा तारेच्या ब्रशनं साफ करून घेतो आणि मधल्या कड्याला अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांत अडकू न देणाऱ्या, ग्रीसचं नुसतं बोट लावतो. नटाच्या आट्यांना नाही, त्यानं आवळण्याचा अंदाज चुकतो.

उरलं धुवायचं पाणी. ज्या लातुरानं 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, तिथं दर रविवारी गाडी धुवा असं मी म्हणणार नाही. पण काटकसरीचा एक उपाय अंगाशी येतो. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात. आरओनं निम्मं पाणी गाळून घेतलं असेल, तर उरलेल्या निम्म्यात जवळपास सगळे क्षार, म्हणजे टीडीएस दुप्पट. चिखल काढायच्या पहिल्या बादलीला ते चालेल. शेवटचा हात त्याचा नको. अंगावर वाळलेला प्रत्येक थेंब कूलरच्या जाळीसारखा पांढरा ठिपका सोडतो, उन्हात तापलेल्या बॉनेटवर तर तो रंगात रुततो. सावलीत धुवा आणि लगेच पुसून काढा. ठिपके उठलेच तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून थंड पत्र्यावर दोन मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. चुन्याचा डाग जातो, सिलिकाचा जात नाही. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. शेवटच्या बादलीला त्याच्यासारखं दुसरं नाही.

खालून जळकं ऑइल मारून घेणारे अजून भेटतात. ऑइल काही दिवस पाणी अडवतं खरं, पण त्यावर धूळ बसते आणि रबरी बुश फुगून खराब होतात.

शेवटी दारांखालची बारीक भोकं. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून निघून जातं, काळ्या मातीनं ती हमखास बुजतात. दार उघड-मीट करताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर समजायचं. भाच्याला हे फोनवर सांगितलं, तो बर्फात खाली वाकून शोधत होता. मी आमच्या गाडीची भोकं खराट्याच्या काडीनं मोकळी केली, मागच्या डाव्या दारातून तांब्याभर गढूळ पाणी पडलं.