नाकारलेली ‘कॅस’: पुनर्विचार की पुनर्मूल्यमापन?

प्राध्यापकांच्या ज्या बढतीला कागदोपत्री ‘स्थाननिश्चिती’ म्हणतात, तिला पुण्यातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये ‘कॅस’ (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) किंवा ‘प्लेसमेंट’ हेच नाव आहे. ही बढती रिकाम्या जागेवरची नसते. श्रेणी त्या व्यक्तीला मिळते आणि तिने पद सोडलं की जागा पुन्हा मूळ पदाची होते. म्हणजे एकाला दिल्याने दुसऱ्याची संधी हुकत नाही. नकाराबद्दल बोलताना हे विसरलं जातं.

१९८६ च्या वेतनश्रेणींसोबत योजना आली तेव्हा आठ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, सोळा वर्षांनी निवड श्रेणी असा हिशेब होता. १९९८ मध्ये ही वर्षं कमी झाली.

गुंता वाढला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ३० जून २०१० च्या केंद्रीय नियमावलीने. एपीआयचे, म्हणजे अध्यापन-संशोधनातल्या कामगिरीचे, गुण आले आणि अडण्याच्या जागा दोन झाल्या: किमान गुण न भरणं, किंवा तज्ज्ञांच्या मूल्यांकनात ५० टक्क्यांहून कमी मिळणं. दोन्हींवर उतारा एकच, किमान एक वर्ष थांबून पुनर्मूल्यमापन. त्यात यश आलं तर बढती त्या नंतरच्या तारखेपासून. वेळेत अर्ज करून पहिल्याच फेरीत पार पडणाऱ्याला मात्र ती पात्रतेच्या तारखेपासून मिळते.

सगळा वाद इथे आहे. शिक्षक अर्जात ‘पुनर्विचार व्हावा’ असं लिहितो, आणि उत्तर येतं की बढतीच्या पुढच्या शिबिरात पुनर्मूल्यमापनाला या. पुनर्विचार म्हणजे पहिला निर्णय चुकला का हे तपासणं, आणि चुकला असेल तर मूळ तारीख परत देणं. पुनर्मूल्यमापनात पहिला निर्णय बरोबरच होता असं धरलेलं असतं. ज्याचं संशोधन खरंच कमी पडलं त्याने वर्षभर थांबावं, हे रास्त. पण निवड समितीच्याच हातून बेरीज चुकली, फाइलमधला एखादा कागद पाहायचाच राहिला, तर ते वर्ष शिक्षकाच्या पदरचं का जावं? पुढच्या टप्प्याची पात्रताही याच तारखेपासून मोजतात, त्यामुळे सरकलेलं एक वर्ष निवृत्तीपर्यंत सोबत येतं.

२ मे २०१८ ला, ज्यांतल्या संशोधन निबंधांना गुण मिळत त्या मान्य नियतकालिकांच्या केंद्रीय यादीतून ४,३०५ नावं वगळली गेली. आधी छापलेल्या निबंधांना गुण देता येतील, असं त्याच वेळी सांगितलं होतं. पण ‘देता येतील’ म्हणजे ‘द्यावेत’ नव्हे, आणि या फटीत प्रामाणिक निबंधही अडकू शकतात. त्यानंतर नियतकालिकं पारखण्याचं काम पुण्याच्याच विद्यापीठातल्या एका केंद्राकडे आलं. जुलै २०१८ च्या नियमावलीने एपीआय काढून टाकलं, तरी जुन्या नियमांनी बढती घेण्याचा पर्याय तीन वर्षं खुला ठेवला. एका फाइलला दोन मोजपट्ट्या लागू शकत होत्या. कोणती निवडली, यावर निकाल फिरू शकत होता.

दाद मागायला १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या राज्याच्या विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारण समिती आहे. न्यायाधिकरणही आहे, पण ते मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती आणि पदावनती यांसाठी. श्रेणी नाकारली गेलेल्या पुण्याच्या शिक्षकाचं तक्रार निवारण समितीपुढे समाधान झालं नाही, तर उरते मुंबईच्या उच्च न्यायालयातली रिट याचिका, स्वतःच्या खर्चाने.